तुकोबांचे सोंग घेणारे विष्णुपंत पागनीस

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी देव्हाऱ्याशेजारी तुकोबारायांची तसबीर आहे. कपाळी गंध, गळ्यात तुळशीची माळ, हाती वीणा आणि चिपळ्या, नजर जराशी वर लागलेली. सकाळी स्नान झाले की आपण त्या तसबिरीस बुक्का लावतो आणि कामास लागतो. तुकोबारायांच्या काळी छायाचित्राची कला नव्हती, तेव्हा चित्रकारांनी आपापल्या भावाप्रमाणे तुकोबा रंगविले. परंतु १९३६ सालानंतर ज्या तसबिरी छापल्या गेल्या, जत्रांतून विकल्या गेल्या, दिनदर्शिकांवर आल्या, त्यांतील कित्येकांत जो चेहरा आहे तो चिकोडी गावच्या एका नटाचा आहे. त्या नटाचे नाव विष्णुपंत पागनीस. या अंकी त्यांचे चरित्र सांगावयाचे आम्ही योजिले आहे.

कोणी म्हणेल, बुवा, मासिक वारकऱ्यांचे आणि चरित्र सिनेमातल्या नटाचे, हे काय चालविले आहे? तर कारण सांगतो. आम्ही खोपोलीस राहतो. येथून जवळच, चौकाच्या बाजूस कर्जतच्या वाटेवर, २००५ साली एक मोठी चित्रनगरी उभी राहिली. लाकडाचे आणि प्लास्टरचे किल्ले, वाडे, राजदरबार तेथे उभे राहतात. खालापूर-कर्जत भागातली पोरे गर्दीत उभी राहावयास, सुतारकामास, रंगकामास अशा जागी जातात. त्यांत आमच्या भजनी मंडळांतली पोरेही असतात. गळा गोड, पखवाजावर बोट बसलेले, दिसावयास नीटस. मग ती आम्हांस विचारतात, महाराज, या धंद्यात पडावे का? माळकऱ्याने तोंडास रंग लावावा का? अभंग गाऊन पैसे घेतले तर चालेल का? याचे उत्तर एका शब्दात देणारे लोक गावात पुष्कळ आहेत. आम्हांस तसे देता येईना. म्हणून म्हटले, ज्याने हे सगळे केले, आणि आपल्या तुकोबांच्याच नावाने केले, त्याचे आयुष्य काय होते ते आधी पाहावे.

शिवाय खोपोलीकरास या विषयावर बोलण्याचा थोडा हक्कच आहे. साजगावचा विठोबा आमचा शेजारी. कार्तिकी एकादशीला त्याची जत्रा भरते ती पंधरवडाभर चालते, आणि ज्यांना पंढरीस जाणे होत नाही ते या धाकट्या पंढरीस येऊन माथा टेकतात. परंपरा अशी की, तुकोबाराय मिरच्यांच्या गोण्या घेऊन घाट उतरले आणि व्यापारास आले ते या भागात. व्यापारी कसला! माप घेणाऱ्याच्याच हाती दिलेले. माल गेला आणि पैसा थकला. तेव्हा पांडुरंगाने रूप पालटून घरोघर वसुली केली. मिरचीच्या व्यापाराची ही कथा महिपतीबुवांनी १७७४ साली पूर्ण केलेल्या भक्तलीलामृतात आहे. या देवास लोक बोंबल्या विठोबा म्हणतात. कोणी सांगतात, देवाने वसुलीसाठी बोंब ठोकली म्हणून. कोणी सांगतात, जत्रेत सुक्या बोंबलांचा बाजार भरतो म्हणून. दोन्ही मते गावात सुखाने नांदतात. आम्हांस त्यातून एवढेच घ्यावयाचे की, तुकोबांच्या कामासाठी सोंग घेण्याची रीत आमच्या गावी प्रत्यक्ष देवानेच पाडलेली आहे.

आता विष्णुपंतांकडे येऊ.

त्यांचा जन्म १ नोव्हेंबर १८९२ रोजी चिकोडीस झाला. चिकोडी बेळगाव जिल्ह्यात, आज कर्नाटकात. त्या मुलखात एका ओसरीवर मराठी आणि दुसऱ्या ओसरीवर कानडी बोलतात, आणि गाणे दोन्हीकडे. कोल्हापूर, मिरज, हुबळी, धारवाड हे सगळे गाण्याचे आणि नाटकाचे गाव आजूबाजूला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली शाकुंतल रंगभूमीवर आणल्यापासून संगीत नाटकाचे वेड असे पसरले होते की, गोड गळ्याचा मुलगा गावात दिसला की नाटक मंडळीचा माणूस त्याच्या बापाच्या दारात उभा राहिलाच म्हणून समजा. विष्णुपंत असेच लहान वयात नाटकात गेले. जनुभाऊ निमकरांच्या स्वदेश हितचिंतक नाटक मंडळीत ते वाढले. याच मंडळीत आधी केशवराव भोसले नावारूपास आले होते, आणि १९०८ साली त्यांनी बाहेर पडून स्वतःची ललितकलादर्श काढली.

नाटक मंडळी म्हणजे काय, हे आजच्या पोरांस सांगितले पाहिजे. मंडळीचे बिऱ्हाड एखाद्या गावी महिना-दोन महिने उतरावयाचे. पडदे, पेट्या, भांडी, आचारी, वाजंत्री, नट असा सगळा संसार बैलगाडीत नाहीतर आगगाडीत घालून पुढच्या गावी. मुलांना पहाटे उठवून स्वर लावावयास बसवीत, दुपारी तालीम, रात्री नाटक, आणि नाटक संपावयास पहाट. ध्वनिवर्धक नव्हता. थिएटरात शेवटी बसलेल्या माणसापर्यंत शब्द पोचला पाहिजे, तोही गाताना, तोही स्पष्ट. आमच्या पाठशाळेत घोकंपट्टी होती म्हणून आम्ही कुरकुर करीत असू; पण त्या पोरांची घोकंपट्टी आमच्या दुप्पट, आणि वर अंगाला नऊवारी लुगडे!

कारण विष्णुपंत करीत ते स्त्रीभूमिका. त्या काळी मराठी नाटक मंडळ्यांतून बायकांची कामे पुरुषच करीत, आणि कोवळ्या आवाजाच्या मुलाकडे ती आपोआप येत. पदर कसा घ्यावा, पाऊल कसे टाकावे, मान किती लववावी, रडताना खांदा किती हलवावा, हे सारे वर्षानुवर्षे शिकावयाचे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. अंगाने होतो तो आंगिक, वाणीने होतो तो वाचिक, वेषभूषेने होतो तो आहार्य, आणि मनच तद्रूप झाल्याने घाम, रोमांच, अश्रू यांच्या रूपाने बाहेर येतो तो सात्त्विक. पहिले तीन शिकविता येतात. चौथा शिकविता येत नाही, पण पहिले तीन पक्के झाल्याशिवाय चौथा उतरत नाही, असे जाणते सांगतात. विष्णुपंतांच्या आयुष्याची पहिली वीस-पंचवीस वर्षे या पहिल्या तिहींत गेली. ती वाया गेली की सत्कारणी लागली, ते पुढे कळेल.

स्त्रीपार्टी नटाचे एक दुःख असते. वय वाढते. आवाज जाड होतो, गाल उतरतात, पोट सुटते. पन्नाशीपर्यंत नायिका म्हणून मिरविण्याचे भाग्य एका बालगंधर्वांचे, सर्वांचे नव्हे. त्यातच १९३१ साली आलम आरा हा बोलपट निघाला, १९३२ साली प्रभात कंपनीचा अयोध्येचा राजा निघाला, त्यात दुर्गाबाई खोट्यांनी तारामती केली, आणि बायकांची कामे बायकाच करणार हे पक्के झाले. मंडळ्या भराभर मोडल्या. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याची चाल आणि दुसऱ्याचा आवाज कमावला, त्याने पोट कशावर भरावयाचे?

विष्णुपंतांनी गाणे धरले. नाटक सुटल्यावर गाणे शिकवावे, भजन गावे, असा त्यांचा क्रम होता. त्यांच्या काही ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. १९२८ च्या सुमारास त्यांनी वंदे मातरम् सारंग रागात गाऊन मुद्रित केले, आणि ती तबकडी जाणकारांच्या संग्रही अजून आहे. पण लोकांच्या तोंडी त्यांचे नाव होते असे काही म्हणता येणार नाही. चाळिशी उलटलेला, नाटकातून निवृत्त, भजने गाणारा एक गृहस्थ, एवढीच त्यांची ओळख उरली होती. आमच्याकडे येणाऱ्या पोरांना आम्ही हा भाग मुद्दाम सांगतो. त्यांना पहिल्या वर्षी नाव पाहिजे असते. विष्णुपंतांचे नाव झाले ते चव्वेचाळिसाव्या वर्षी, आणि त्याआधी मोडलेल्या धंद्यात राहूनही त्यांनी सूर लावणे सोडले नाही.

आता दुसरे एक विष्णुपंत या कथेत येतात, आणि ते आमच्या बाजूचे. विष्णुपंत दामले हे पेणचे. म्हणजे खोपोलीहून खाली उतरले की आलेच. योगायोग असा की तेही १८९२ सालीच जन्मले. घर सोडून कोल्हापूरला गेले, आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली नाटकाचे पडदे रंगविण्यास शिकले, बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत यंत्रे दुरुस्त करण्यापासून सगळे केले. तेथेच त्यांना कागलचे शेख फत्तेलाल भेटले. फत्तेलाल चित्रकार, लोक त्यांना साहेबमामा म्हणत. हे दोघे आणि व्ही. शांताराम, धायबर, सीतारामपंत कुलकर्णी अशा पाच जणांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ साली ती पुण्यास आली. दामल्यांनी बोलपटाचे ध्वनिलेखन हाती घेतले, फत्तेलालांनी देखावे. पुढे दोघांनी मिळून दिग्दर्शनही केले. एक ब्राह्मण आणि एक मुसलमान मिळून तुकोबांचे चरित्र पडद्यावर आणतात, हे वाचून कोणास नवल वाटेल तर त्याने श्रीगोंद्याच्या शेख महंमद महाराजांची आठवण करावी.

प्रभातने १९३५ साली नाथमहाराजांवर धर्मात्मा हा चित्रपट काढला. त्यात एकनाथ झाले बालगंधर्व. लोकांनी गर्दी करावी असेच हे नाव होते. पण चित्रपट अपेक्षेप्रमाणे चालला नाही. लोक बालगंधर्वांकडे पाहात बसले आणि नाथ बाजूला राहिले, असे आमचे मत आहे. थोर नटाचे थोर नाव कधी कधी भूमिकेच्या आड येते ते असे.

त्यानंतर तुकोबांचा विषय निघाला. पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे. तुकोबा कोण? दामले-फत्तेलालांनी पागनिसांचे नाव काढले. शांतारामबापूंना ते पसंत नव्हते. त्यांचे म्हणणे, हा माणूस जन्मभर बायकांची कामे केलेला. याच्या चालण्याबोलण्यात बायकीपणा मुरलेला आहे. हा तुकोबा कसा शोभेल? ही हकीकत चित्रपटाच्या जाणकारांत प्रसिद्ध आहे. आक्षेप खोटा नव्हता. तुकोबा म्हणजे कुणबी वाणी, डोक्यावर ओझे वाहिलेला, दुष्काळात घर बुडालेला, पाखंड्यांना खडसावणारा. त्या जागी पदर सावरण्याची सवय लागलेला नट! पण दामले-फत्तेलाल हटले नाहीत. काम सुरू होण्याआधी विष्णुपंत देहूस जाऊन तुकोबांच्या पायी डोके ठेवून आले, असे सांगतात.

येथे आम्ही जरा थांबतो, कारण आमच्या मते या चरित्राचे मर्म येथेच आहे. आपल्या संप्रदायात ज्ञानोबांस काय म्हणतात? माउली. पांडुरंगास काय म्हणतात? विठाई, विठाबाई. वाटेत भेटलेल्या अनोळखी वारकऱ्यासही आपण माउली म्हणूनच हाक मारतो. पुरुषाच्या अंगी आईपण येणे ही आपल्याकडे खोड नाही, ती मोठी कमाई आहे. ज्या मऊपणाची धास्ती वाटत होती तोच पडद्यावर तुकोबांचे कारुण्य होऊन उभा राहिला. तो चित्रपट पाहावा. विष्णुपंत कोठेही आवाज चढवीत नाहीत. जिजाई तडतडते तेव्हा ते तिच्याकडे असे पाहतात की, चूक हिची नाही, भूक हिची आहे, हे त्यांस कळले आहे. पोरांकडे, गुराढोरांकडे, शेतातल्या पाखरांकडे त्यांची नजर तशीच. पंचवीस वर्षे स्त्रीमनात शिरण्याची तालीम केल्याशिवाय ती नजर येत नाही. हे आमचे अनुमान आहे, पटेल त्याने घ्यावे.

दुसरी गोष्ट वाणीची. त्या काळी नटास स्वतः गावे लागे. एकाने ओठ हलवावे आणि दुसऱ्याने गावे ही सोय पुढे रुळली. नाटकात शेवटच्या माणसापर्यंत आवाज फेकावा लागतो, पण कॅमेरा आणि ध्वनियंत्र हे अगदी नाकाशी असतात. तेथे नाटकी फेक केली तर हसे होते. विष्णुपंतांनी नाटकाची तान आवरली आणि भजनाचा साधा सूर ठेवला. शब्द आधी, स्वर मागून. भोळ्यांनीही चाली अशा बांधल्या की, टाळ-मृदंगावर बसून आपण म्हणावे. आज आमचे कित्येक तरुण गायक अभंगाला ताना-पलट्यांचे इतके दागिने घालतात की अभंग वाकून जातो. त्यांनी हे ऐकावे.

जिजाईची भूमिका गौरी नावाच्या बाईंनी केली. नावाजलेली नटी नव्हे; कंपनीत लहानसहान कामे करणाऱ्या. पण कडेवर पोर, तोंडात फणकारा आणि पोटात माया अशी जिजाई पुन्हा झाली नाही. देवाने नवरा पळविला म्हणून पायातली वहाण घेऊन देवळात धावणारी ती बाई पाहिली की, आपल्या घरच्या माउल्यांचे वारीच्या दिवसांतले बोलणे आठवते. चित्रपटातला सालोमालो मात्र जरा भडक झाला आहे, हे आम्ही सांगून ठेवतो. मंबाजीबुवा आणि रामेश्वरभट्ट यांच्या कथा ज्यांनी महिपतीबुवांकडून ऐकल्या आहेत त्यांना हे पात्र फार सोपे वाटेल. असो. सिनेमास खलपुरुष लागतो.

एक गंमत आणखी. चित्रपटात बीज आणि झाड यांवरचे एक पद आहे. ते आपण सगळे म्हणतो, काही मंडळे तर भजनातही घेतात. ते तुकोबांचे नव्हे. शांताराम आठवले नावाच्या तरुण कवीने ते चित्रपटासाठी रचिले, वय तेव्हा सव्वीसच्या आसपास. भलेभले लोक ते गाथेत शोधीत बसले! आमचे मत असे की, कीर्तनात ते अभंग म्हणून घेऊ नये, पण कवीचे कौतुक करण्यास हरकत नाही. बाहेरच्या मुद्रेची नक्कल कोणीही करतो. ज्याने गाथा पचविली त्यालाच ती चाल साधते.

१२ डिसेंबर १९३६ रोजी चित्रपट मुंबईत गिरगावच्या सेंट्रल सिनेमात लागला, आणि त्याच जागी सत्तावन्न आठवडे चालला. वर्षाहून जास्त! १९३७ साली इटलीतल्या व्हेनिस गावच्या महोत्सवात जगातल्या उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली. भाषा न समजणाऱ्या लोकांना तुकोबा समजले, यात विष्णुपंतांच्या चेहऱ्याचा वाटा मोठा धरला पाहिजे. येथे आमच्या गावाचाही थोडा वाटा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. लोणावळ्याकडच्या तलावांत इंद्रायणीच्या उगमाकडचे पाणी अडवून ते डोंगरावरून खाली सोडावयाचे आणि खोपोलीस वीज करावयाची, ही टाटांची योजना १९१५ सालापासून चालू आहे, आणि ती वीज मुंबईस जाते. तेव्हा ज्या इंद्रायणीने गाथा तारली, तिच्याच पाण्याचा प्रकाश पडद्यावर पडून मुंबईकरांस तुकोबा दिसले असावे, असे म्हटले तर कोणी आम्हांस अडवू नये.

मग चित्रपट गावोगाव गेला. तंबूच्या सिनेमातून, जत्रांतून तो वर्षानुवर्षे दाखविला गेला. आमच्या लहानपणी आम्हीही तो तंबूतच पाहिला. लोक पायताणे बाहेर काढून आत जात. म्हाताऱ्या बाया पडद्याकडे पाहून हात जोडीत, तुकोबा वैकुंठास निघाले की तंबूत हुंदका उठे. आणि खुद्द विष्णुपंत रस्त्याने दिसले की लोक त्यांच्या पायां पडत. तसबिरी निघाल्या त्याही तेव्हाच. नट गेला आणि तुकोबा राहिले.

आता पोरांच्या प्रश्नाकडे वळू. हे सोंगच ना? तुकोबांनी वेष घेणाऱ्यांची किती झाडाझडती घेतली आहे, हे आपणांस ठाऊक आहे. भगवे घातले, जटा वाढविल्या, राख फासली आणि आत काही नाही, अशांस त्यांनी मोकळे सोडले नाही. मग तुकोबांचाच वेष घेणाऱ्या नटास काय म्हणावे? आम्हांस असे दिसते की, सोंगे दोन जातींची. नाथमहाराजांची भारुडे पाहा. जोशी, गोंधळी, वासुदेव, भुत्या अशी किती सोंगे नाथांनी घेतली! पण बघणाऱ्यास ठाऊक असते की हे सोंग आहे, आणि सोंगाच्या तोंडून परमार्थ सांगावयाचा आहे. ते उघडे सोंग. भोंदूचे सोंग झाकलेले असते. ते सोंग आहे हे कळू न देण्यावरच त्याचे पोट. नटाचे सोंग पहिल्या जातीचे. पडद्यावर आरंभीच नावे येतात, तुकोबांची भूमिका अमक्याने केली म्हणून. झाकपाक नाही. विष्णुपंतांनी आपण नट आहोत हे कधी लपविले नाही. त्यांचे नाव जाहिरातीतच होते.

आणि पैसा? कीर्तनाचे मोल घेऊ नये, जेथे कीर्तन केले तेथला पाहुणचारही घेऊ नये, ही आपली मर्यादा आहे. ती तुकोबांनीच घातली. आज ती किती पाळली जाते, हे विचारून आम्ही कोणास अडचणीत टाकीत नाही. बिदाग्यांचे आकडे सर्वांस ठाऊक आहेत. पण ही मर्यादा नारदाच्या गादीवर उभे राहणाऱ्यास आहे. नटाचा पगार ही मजुरी. सुताराने विठोबाचे मखर केले तर त्याची मजुरी कोणी बुडवीत नाही. दिवसभर उन्हात, दिव्यांच्या झोतात, तोंडाला रंग फासून एकच ओळ दहादा म्हणणाऱ्याने दाम घेतला तर त्यात परमार्थाची विक्री झाली असे आम्ही म्हणणार नाही. विक्री होते ती पुढे. चित्रपटात संत झालेला माणूस बाहेर येऊन पाय पुढे करू लागला, गंडे बांधू लागला, म्हणजे उघडे सोंग झाकले गेले. तेथून भोंदूचा प्रांत सुरू होतो. आमच्या पोरांस आम्ही एवढेच विचारतो, लोक पायां पडू लागले तर तू काय करशील, ते आधी ठरव. मग रंग लाव.

विष्णुपंतांच्या पुढच्या आयुष्यात एक अडचण आली, आणि ती या धंद्यातली नेहमीची आहे. एकदा तुकोबा झालेला माणूस दुसरे काय होणार? निर्मात्यांनी त्यांना संतच केले. १९३९ साली मुंबईच्या रणजित कंपनीच्या संत तुलसीदासमध्ये ते तुलसीदास झाले. १९४० साली विजय भट्टांच्या नरसी भगतमध्ये नरसी मेहता झाले. १९४३ साली महात्मा विदुरमध्ये विदुर, आणि त्याच साली भक्तराज. महाराष्ट्राचा संत, हिंदुस्थानी संत, गुजरातचा संत, शेवटी महाभारतातला भक्त. कोणी म्हणेल, नटाची ही कोंडी झाली. एकाच जातीचे काम पुन्हा पुन्हा करणे कलेस मारक असते, हेही खरे. तुकोबांच्या तोडीचे पुढे काही झाले नाही, हे मान्य केले पाहिजे. विष्णुपंत तेच होते, पण तशी पटकथा आणि तसे दिग्दर्शक पुन्हा जुळून आले नाहीत. चित्रपट एकट्याच्या बळावर होत नाही, दिंडी एकट्या विणेकऱ्याची होत नाही तसेच. दामले-फत्तेलालांनी १९४० साली संत ज्ञानेश्वर काढला, त्यात ज्ञानोबांची भूमिका शाहू मोडकांनी केली. मोडक जन्माने ख्रिस्ती. प्रभातच्या अंगणात त्या काळी माणूस निवडताना जातकुळी पाहिली जात नव्हती, चेहरा आणि गळा पाहिला जात होता, हे यावरून कळते.

आणखी एक गणित आमच्या मनात येते. परंपरेप्रमाणे तुकोबारायांचा जन्म १६०८ चा आणि वैकुंठगमन १६५० चे. म्हणजे बेचाळीस वर्षांचे आयुष्य. विष्णुपंतांनी तुकोबा केले तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे. वैकुंठास निघालेले तुकोबा आणि त्यांचे सोंग घेणारा नट यांची वये जवळजवळ सारखी होती. पोरसवदा नटास दाढी-मिशा चिकटवून ते काम झाले नसते. चेहऱ्यावर संसार होऊन गेलेला दिसावा लागतो, आणि धंदा बुडालेल्या माणसास तो दाखवावयास फार कष्ट पडले नसतील.

३ ऑक्टोबर १९४३ रोजी विष्णुपंत पागनीस वारले. एकावन्नावे वर्ष पुरे होण्यास महिनाच उरला होता. पेणचे दामले १९४५ च्या जुलैत गेले, साहेबमामा फत्तेलाल १९६४ साली. पुण्यात जेथे देहू गाव उभे केले होते त्या प्रभातच्या आवारात १९६० साली सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था काढली. तेथे देशभरची मुले हा धंदा शिकावयास येतात. संत तुकाराम चित्रपट आजही पाहावयास मिळतो, विष्णुपंतांची गाणीही ऐकावयास मिळतात. ज्या पोरांनी आम्हांस विचारले त्यांना आम्ही एक काम दिले आहे. त्यातला कोणताही एक अभंग घ्यावा, डोळे मिटून दहा वेळा ऐकावा, आणि विष्णुपंतांनी श्वास कोठे घेतला, शब्द कोठे मोकळा सोडला, तेवढे कागदावर मांडून येत्या एकादशीच्या भजनास यावे.